दुरुस्तीचा पास

ऑफिसात त्याला तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'जावई'. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणी सांगत नाही, पण ज्याने ठेवलं त्याच्या जिभेला दाद द्यायला हवी. माणूस होताच तसा. चहा आधी दुसऱ्याच्या टेबलावर गेला की तोंड फिरवणार, मीटिंगला बोलवायला माणूस पाठवला नाही की रुसणार, आणि साहेबांनी चुकून दुसऱ्या कोणाचं कौतुक केलं तर पुढे दोन दिवस 'हूं' आणि 'बघू' यांपलीकडे शब्द नाही. साहेब बिचारे त्याच्या नाकदुऱ्या काढत. काय करतील? कंपनीचं पोट ज्या कोडवर चालायचं तो याने लिहिलेला, आणि तो दुसऱ्या कोणाला धड कळू नये याची काळजी याने पहिल्या दिवसापासून घेतलेली.

ऑफिस बाथरूमच्या टाइल्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात दुकानदाराने नमुन्याची वॉशबेसिनं रचून ठेवलेली, त्यातल्या एकात वरची मंडळी सिगरेटी विझवत. वर एकच लांबट खोली, पाठीला पाठ लावून टेबलं, आणि या टेबलांवरून फिरतीवर असलेलं एक कापडी गाढव. एक कान उसवलेला, डोळ्यांच्या जागी काळी बटणं. ही जावयाची देणगी. ज्याच्या चुकीने कोड कोसळेल त्याच्या टेबलावर हे गाढव बसायचं आणि दुसऱ्या कोणाची चूक सापडेपर्यंत तिथेच राहायचं. ते हलवायचं नाही, झाकायचं नाही, बाहेरचे पाहुणे आले तरी नाही. स्थापना जावई स्वतः करायचा. दोन्ही हातांवर गाढव घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या, तुमच्याकडचे आलेत." सगळे हसायचे. जो हसणार नाही त्याच्याकडे पुढची फेरी असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच्या टेबलावर ते इतके दिवस मुक्कामाला राहिलं की त्याने शेवटी नोकरी सोडली. जाताना म्हणे गाढवाशी हात मिळवला, माणसांशी नाही.

जावयाच्या टेबलावर मात्र ते कधी बसलं नव्हतं. तोच न्यायाधीश, मग त्याला शिक्षा कोण देणार?

कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावाबाहेरचं एक वृद्धनिवास. चांगलं ऐसपैस, दोन मजली, पुढे लोखंडी गेट. तिथल्या प्रत्येक आजी-आजोबांची नोंद याने बनवलेल्या सिस्टीममध्ये. ही नोंद कशी असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. समजा, आजोबा म्हणजे एक मोठा डबा. त्या डब्यात औषधांचा डबा, शेजारी नातेवाईकांचा डबा, नातेवाईकांच्या डब्यात एकेका माणसाची डबी, आणि त्या डबीत त्याचा फोन नंबर. डब्यात डबा, त्यात डबी. आता नर्सला औषधाची वेळ बदलायची असेल तर सगळे डबे उघडून तिच्यापुढे मांडायची गरज नाही, उगाच वेळ जातो. म्हणून कोड तिला औषधांचा डबा तेवढा आणून देतो, नातेवाईकांचा मागेच राहतो. नर्स बदल करते, 'सेव्ह' दाबते, आणि सगळा ऐवज परत जागेवर जातो. जायला हवा.

यात जावयाचे दोन कायदे होते. पहिला: जो डबा आणला नाही त्याची जागा उघडी ठेवायची नाही, तिथे एक रिकामा डबा ठेवायचा. उघडी जागा पाहिली की कोड अडखळतो, आणि याला अडखळलेलं खपत नसे. दुसरा कायदा याहून कडक: सेव्ह करताना जे नोंदीतून सुटून कोणाच्याच डब्यात उरलं नाही, ते कायमचं पुसून टाकायचं. या दुसऱ्या कायद्याला त्यांच्या धंद्यात 'ऑर्फन रिमूव्हल' म्हणतात. सरळ सांगायचं तर, अनाथ दिसला की उडवा. जावयाला टेबलं स्वच्छ लागत. त्याने हे दोन्ही कायदे अगदी बुडाच्या फाइलमध्ये लिहून ठेवले होते, म्हणजे पुढे कोणी कसलीही स्क्रीन बनवली तरी ते तिला आपोआप लागू.

ऑफिसात एक मुलगी होती, तिला सगळे 'नवी' म्हणत. लागून बरेच दिवस झाले होते, पण नाव काही जुनं होईना. औषधांची स्क्रीन बनवायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, "सर, पण मग न आणलेलं आणि नसलेलं, दोन्ही कोडला सारखंच दिसेल ना?"

"बाई," जावई म्हणाला, "तत्त्वज्ञान कॉलेजात. इथे कोड."

खोली हसली. नवीही हसली, कारण गाढव तेव्हा कोणाकडे तरी होतं आणि ते तिला आपल्याकडे नको होतं. प्रश्न तिथेच विरला, आणि खरं सांगायचं तर तिची तीसुद्धा तो विसरली.

आता त्याच वृद्धनिवासात, खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत जावयाचे वडील राहत. तिकीट तपासनीस म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. कानाने कमी, पण जीभ धारदार. घरी होते तेव्हा भाजीत मीठ कमी पडलं की सुनेला विचारायचे, "आज भाजी विनातिकीट का?" सून पहिला महिनाभर हसली. पुढे हसेना. मग भांडी जोरात आपटू लागली. शेवटी घराला रंग काढायचं निमित्त निघालं, आणि 'रंगकाम होईपर्यंत' म्हणून म्हाताऱ्याला इथे आणलं. रंग वाळला. आता तर तो पुन्हा उडायला आला होता. म्हाताऱ्याला परत नेण्याचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. ज्याने काढावा तो ऑफिसात फार कामात असे.

आणून सोडलं त्या दिवशी जावयाने वडिलांना मोठ्या ऐटीत स्क्रीन दाखवली होती. "बघा बाबा, हे तुमचं नाव, आणि खाली नातेवाईकांत माझं. काही लागलं तर मला फोन येणार. गेटवरचा वॉचमनसुद्धा हेच बघून आत सोडतो. सगळं मी बनवलंय. यात चूक होत नाही."

"चूक होत नाही म्हणणारे मला रोज भेटायचे लेका," म्हातारा म्हणाला. "खिसे उलटे करायला लावले की तिकीट नसायचं."

पण मनातून त्याला बरं वाटलं असणार. कारण दर रविवारी तो दाढी करून गेटच्या आतल्या बाकावर येऊन बसायचा. जावई आला की हात पुढे करायचा, "तिकीट?" जावयाने गेटवरचा पास दाखवायचा, म्हाताऱ्याने तो उलटासुलटा करून बघायचा आणि म्हणायचं, "ठीक आहे. बस लेका." बापलेकांत प्रेमाचं बोलणं म्हणाल तर एवढंच. पण एवढं तरी होतं.

मग रविवार चुकू लागले. एकदा काम, एकदा पाहुणे, एकदा नुसताच कंटाळा. म्हाताऱ्याला फोनवर ऐकू यायचं नाही, त्यामुळे 'येत नाही' हे कळवायचीही कटकट नव्हती. काही झालं तर फोन येईलच, नंबर सिस्टीममध्ये आहे, या विचारावर जावई निवांत झोपायचा. त्याच्या आणि बापाच्या मध्ये आता तेवढी एक डबी उरली होती.

आणि एक दिवस वृद्धनिवासाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. जावयाने सवयीप्रमाणे तो स्पीकरवर टाकला. गिऱ्हाइकाची फजिती सगळ्यांनी मिळून ऐकायची, हीही तिथली एक करमणूक.

"अहो, आमच्या आजी-आजोबांचे नातेवाईक गायब होतायत."

"मॅडम, ते तर तुमच्याकडे आणून सोडलं की होतातच."

खोलीत खसखस पिकली. हे वाक्य कोणाच्या तोंडातून आलं याचा विचार त्या खोलीत कोणी केला नाही. ज्याच्या तोंडातून आलं त्याने तर नाहीच.

"चेष्टा नको हो. काल दोन मुलांची नावं होती, आज बघते तर पाटी कोरी."

"हे बघा," जावयाचा आवाज आता मास्तरकीवर आला, "सिस्टीम स्वतःहून कोणाला काढत नाही. कोणीतरी काढलं असणार. तुमच्या मुलींना विचारा."

मेट्रनबाई साध्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं डोक्यात ठेवलं आणि नर्सेसना फैलावर घेतलं. एक तर ढसाढसा रडली. काढलं कोणीच नव्हतं, पण प्रत्येकीला वाटू लागलं की दुसरीने काढलं. दोघी मैत्रिणी होत्या, त्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. एका वाक्याची ही किमया.

इकडे तक्रारी काही थांबेनात. तेव्हा जावयाने गुन्हेगार शोधला. शोधला कसला, समोरच बसली होती. औषधांची स्क्रीन सुरू झाली आणि नातेवाईक उडायला लागले, म्हणजे नवीच. गाढव दोन्ही हातांवर उचललं गेलं.

"घ्या. तुमच्याकडचे आलेत."

"सर, मी नातेवाईकांना हातसुद्धा लावलेला नाही."

"न लावता ही तऱ्हा. लावला असता तर?" मग खोलीकडे वळून, "हिच्या लग्नात पाहुणे बोलावू नका रे कोणी. ही सेव्ह दाबेल आणि मांडव मोकळा!"

इतका हशा झाला की खालचा टाइल्सवाला वर बघायला आला. नवीने गाढवाचा उसवलेला कान नीट केला आणि कामाला लागली. तिने आपल्या स्क्रीनच्या सगळ्या ओळी पिंजून काढल्या. सेव्ह उशिरा करून पाहिलं, दोनदा करून पाहिलं. दोनदा केल्याने नातेवाईक दोनदा गेले असतील तर देव जाणे. शेवटी ती म्हणाली, "सर, एकदा ती बुडाची फाइल बघू का?"

"त्या फाइलला हात लावायचा नाही. तिच्यावर माझं नाव आहे."

नाव होतं खरं. पहिल्याच ओळीत, स्वतः टाइप केलेलं.

यात आठवडे गेले. रोज रात्री सगळ्या नोंदींची एक प्रत बाजूला ठेवली जायची, पण जागा वाचावी म्हणून आठवडाभराच्याच प्रती राहत, जुन्या आपोआप पुसल्या जात. म्हणजे ज्या प्रतींत सगळ्यांचे नातेवाईक शाबूत होते, त्या याच्या ऐटीपायी एकेक करून नाहीशा झाल्या. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जावई तेव्हा पाहुण्यांना नवीचं टेबल दाखवण्यात गुंतला होता.

मग झालं असं की एका आजीची मुलगी परगावाहून बॅग घेऊन आली. वॉचमनने स्क्रीन पाहिली. "तुमचं नाव नाही." ती म्हणाली, अहो मी मुलगी. तो म्हणाला, असाल, पण नाव नाही. खिडकीतून आईला मुलगी दिसत होती, ती हात हलवत होती, आणि ही गेटाबाहेर उभी. मेट्रनबाई नेमक्या त्या दिवशी सुट्टीवर होत्या. मुलगी लॉजवर राहिली, दुसऱ्या दिवशी परत आली, परत तेच. निघताना तिने जे काही लिहून पाठवलं ते वाचून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू स्वतः जा," साहेब जावयाला म्हणाले. नाकदुऱ्या काढणं वगैरे त्या दिवशी बंद होतं. "आणि हिला घेऊन जा."

जावई निघाला. वाटेत त्याने बिस्किटांचा पुडाही घेतला, कारण तिथे जायचंच तर बापालाही भेटून येऊ, एका फेरीत दोन कामं. नवी मागे लॅपटॉपची बॅग घेऊन.

गेटवर वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?"

"मेट्रनकडे. आणि माझ्या वडिलांकडे." त्याने खोलीचा नंबर सांगितला.

वॉचमनने स्क्रीन पाहिली, मान हलवली. "त्यांच्याकडे नाही जाता येणार. त्यांना कोणी नातेवाईक नाहीत."

"अरे, मी मुलगा आहे त्यांचा."

"असाल."

"असाल काय असाल! ही जी तू बघतोयस ना, ती सिस्टीम मी बनवलीये!"

वॉचमनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग स्वतःला घालून घ्यायचं होतं ना साहेब. आता आम्ही काय करणार?"

मागे एक प्लंबर खांद्यावर पाइप घेऊन उभा होता. "अहो, सरका ना जरा. आत पाणी तुंबलंय." वॉचमनने त्याला एक पिवळा पास दिला, गळ्यात अडकवायचा, वर मोठ्या अक्षरांत 'दुरुस्ती'. मग जावयाकडे बघून म्हणाला, "हा चालेल? हा असला की कुठेही जाता येतं." आणि तोच पिवळा पास याच्या गळ्यात आला. एक नवीच्याही. ती खाली बघत होती. हसू दाबत होती की काय, मी म्हणणार नाही.

मेट्रनबाईंच्या खोलीत पंखा घरघरत होता आणि कपाटावर औषधांचे ट्रे रचलेले होते. पास पाहून बाई चपापल्या, मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. आम्हाला वाटलं, तुम्ही आता येणार नाही."

"का?"

"नाव काढून घेतलंत ना."

"मी कशाला काढेन?"

"ते मी कसं विचारणार? घरचा मामला. तुम्हीच म्हणाला होतात, सिस्टीम स्वतःहून कोणाला काढत नाही, कोणीतरी काढलं असणार. आणि तुमच्या नावाला हात लावायची आमच्या मुलींची काय छाती?"

जावयाच्या हातातला बिस्किटांचा पुडा चुरचुरला. "बाबांना माहीत आहे हे?"

"मीच विचारलं त्यांना, आजोबा, तुमचा मुलगा नाही दिसत यात. ते म्हणाले, नाही म्हणजे? मी तुमचं वाक्य सांगितलं. त्यावर म्हणाले, 'बरोबर असेल. तोच बनवतो. त्यात चूक होत नाही.' तेव्हापासून बाकावर येत नाहीत. तिथे आता दुसरे दोघं बसतात."

जावयाने लॅपटॉप उघडला. बोलायला काही नसलं की त्यांच्या धंद्यात लॅपटॉप उघडतात. एक खोट्या नावाचे आजोबा तयार केले, त्यांना दोन खोट्या मुली दिल्या, आणि रडलेल्या नर्सला बोलावून सांगितलं, औषध सकाळचं संध्याकाळी कर. तिने केलं. सेव्ह. परत उघडलं. औषध संध्याकाळी गेलं होतं आणि दोन्ही मुली नाहीशा झाल्या होत्या.

"बघा! मी काही केलं नाही!" नर्स ओरडलीच.

लॅपटॉपवर कोडने काय काय केलं त्याचा माग उमटत होता. औषध बदललं. मुलगी पुसली. दुसरी मुलगी पुसली. लाजलज्जा न बाळगता ओळीखाली ओळ. जावयाने ते वाचलं आणि त्याला लख्ख दिसलं. औषधांबरोबर नातेवाईक आणलेच नव्हते, म्हणून पहिल्या कायद्याने तिथे रिकामा डबा ठेवला. तो रिकामा डबा परत आल्यावर दुसरा कायदा म्हणाला, डब्यात कोणी नाही, म्हणजे बाहेर आहेत ते अनाथ, उडवा. न आणलेलं आणि नसलेलं कोडला सारखंच दिसलं होतं. नवीच्या स्क्रीनने काही केलं नव्हतं. कायदे पाळले होते, बस.

त्याने मागे पाहिलं. नवी त्याच्या खांद्यावरून तोच माग वाचत होती. तिला आता तिचा प्रश्न आठवला होता, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण ती पंख्याकडे बघू लागली.

दुरुस्ती तशी किरकोळ होती. न आणलेल्या डब्याची जागा उघडी ठेवायची, आणि जागा उघडी असेल तर सेव्ह करताना तिकडे फिरकायचंच नाही. डबा खरोखर उघडून आणला असेल आणि खरोखर रिकामा असेल, तरच त्याला रिकामा मानायचा. परत एक खोटे आजोबा, परत दोन मुली, परत औषध बदललं. मुली जागच्या जागी. नर्सने टाळी वाजवली.

पण जे गेलं होतं ते गेलंच होतं. जुन्या प्रती उरल्या नव्हत्या. आता प्रत्येक आजी-आजोबांना तोंडी विचारून नावं पुन्हा घालायची, दुसरा मार्ग नाही. मेट्रनबाईंना याची दया आली. "चला," त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांपासूनच सुरुवात करू."

खोलीत दोन पलंग. खिडकीबाहेर दोरीवर सगळ्यांच्या चादरी वाळत होत्या. म्हातारा उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. मुलाला पाहून त्याचा चेहरा हलला नाही. हात मात्र पुढे आला, उभ्या जन्माची सवय.

"तिकीट?"

जावयाने गळ्यातला पास पुढे केला. म्हाताऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "दुरुस्ती. हं. नळ तिकडे आहे."

"बाबा..."

"आजोबा!" मेट्रनबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "मुलाने नाव काढलं नव्हतं! सिस्टीमची चूक होती!"

"सिस्टीम स्वतःहून कोणाला काढत नाही. तुम्हीच सांगितलंत."

"तसं नाही हो, कोडमध्ये चूक होती!"

"कोणाची?"

आता बघा. उत्तर दोन अक्षरांचं होतं. 'माझी' म्हटलं असतं की काम झालं असतं. म्हाताऱ्याने एखादी शिवी हासडली असती, लेका म्हणाला असता, आणि डबीत नाव परत गेलं असतं. पण मागे नवी उभी होती. दारात नर्स. उद्या ऑफिस, साहेब, ते गाढव आणि ती हसणारी खोली. जावयाच्या घशात ती दोन अक्षरं आली आणि परत खाली गेली.

"ह्या मुलीची," तो म्हणाला. "नवीन आहे."

"आं?"

"ह्या मुलीची चूक!"

"ऐकू येत नाही. जोरात."

"ह्या मुलीची!" तो ओरडला. पुढच्या खोल्यांतली डोकी बाहेर आली. म्हाताऱ्याला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं असं ती नर्स नंतर शपथेवर सांगायची. मलाही तसंच वाटतं.

म्हातारा नवीकडे वळला. "काय गं, तू काढलंस मला?"

"हो आजोबा," नवी म्हणाली. "ऑफिसात माझ्या टेबलावर गाढवसुद्धा बसवलंय त्यापायी."

"गाढव? कोणी बसवलं?"

नवीने नुसतं बघितलं, जिकडे बघायचं तिकडे.

म्हातारा हसू लागला. ठसका लागेपर्यंत हसला, डोळे पुसले, पाणी प्यायला. "विनातिकीटवाला ओळखायला तिकीट बघावं लागत नाही," तो म्हणाला. "मी समोर उभा राहिलो की तो शेजारच्याकडे बोट दाखवतो. मेट्रनबाई, लिहा. नातेवाईक, कोणी नाही."

"असं काय करता आजोबा? मुलगा समोर उभा आहे."

"हे? हे दुरुस्तीवाले आहेत. गळ्यात लिहिलंय की." मग नवीकडे, "पोरी, तुझं नाव घालू का? तुला तरी खोटं बोलताना लाज वाटली."

"नको आजोबा. एक गाढव सांभाळतेय, तेवढं पुरे."

मेट्रनबाईंनी जावयाकडे पाहिलं. तो काही म्हणेल म्हणून थांबल्या. त्याने तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याने हात वर केला, चालत्या गाडीत प्रवाशाला गप्प करायला करायचा तसाच. बाईंनी नाइलाजाने नोंद उघडली, नातेवाईकांचा डबा उघडला, 'कोणी नाही' केलं आणि सेव्ह दाबलं. मग, दुरुस्ती धड झालीय ना ते बघावं, म्हणून भाबडेपणाने त्याच नोंदीत औषध सकाळचं संध्याकाळी केलं. सेव्ह. परत उघडलं. औषध बदललेलं. नातेवाईक नाहीत.

"वा," त्या म्हणाल्या, "आता बरोबर चालतंय."

चालत होतंच. कोडने अगदी इमानाने काम केलं होतं. हा डबा उघडून आणलेला होता आणि खरोखर रिकामा होता.

बिस्किटांचा पुडा शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी खाल्ला.

सोमवारी जावई ऑफिसात आला तर गाढव त्याच्या टेबलावर. गळ्यात पिवळा पास, नवीने गेटवर परत न केलेला. नवी ते आधीच ठेवून गेली होती; त्या दिवशी आलीच नाही, पुढेही नाही, तिला दुसरीकडे काम मिळालं. खोली श्वास रोखून बघत होती. जावयाने गाढवाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. कोणी हसेना. मग साहेबच हसले, आणि एकदा साहेब हसल्यावर बाकीच्यांना कसली भीती? पार खाली टाइल्सच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. ते गाढव हलवायचं नाही हा नियम त्याचाच. तो आता इतरांनी डोळ्यांत तेल घालून पाळला. चुका नंतरही पुष्कळ झाल्या, पण गाढव तिथून उठवण्याइतकी मोठी कोणाचीच ठरली नाही.

जावई आता दर रविवारी वृद्धनिवासात जातो. न चुकता. वॉचमन स्क्रीन बघायचे कष्टही घेत नाही, सरळ पिवळा पास काढून देतो. आत बाकावर म्हातारा बसलेला असतो, दाढी केलेली. बाजूचे दोघं मजा बघायला सरकून जागा करतात.

"तिकीट?"

जावई पास पुढे करतो.

म्हातारा वाचतो, उलटा करतो, परत वाचतो. "दुरुस्ती. अजून चालूच आहे का?"

"हो."

"करा, करा," म्हातारा पास परत देतो. "सावकाश करा. झाली की गेटवर कळवा, आणि पास जमा करून जा."

आणि शेजारच्यांशी बोलायला वळतो.